थांबवा म्हणजे नेमकं कधी

कॅन्टीनच्या वरचा हॉल एरवी निवृत्तीच्या हार-नारळासाठी उघडतात. त्या दिवशी तिथे टेबलांवर लॅपटॉप मांडले होते, कोपऱ्यात एक टेबलफॅन गरगरत होता, आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर लाल अक्षरांत एकच शब्द पुन्हा पुन्हा उमटत होता: लवकर. एक पांढरा चेंडू डावीकडून निघायचा, उजवीकडच्या उभ्या रेषेकडे जायचा, मी बटण दाबायची, आणि लवकर. परत चेंडू, परत लवकर. मागे रांगेत उभे असलेले पोट्टे हसत होते.

"बाईले घरी जायाची घाई होय," एक म्हणाला.

"बस सुटते ना तिची," दुसरा.

मी पुन्हा बटणावर बोट ठेवलं.

मी क्रेन चालवते. चंद्रपूरच्या बाहेर लोखंडाच्या कांबी ओढणारा एक कारखाना आहे. त्याच्या शेडमध्ये छताखालच्या रुळांवरून एक लोखंडी पूल पुढेमागे जातो, पुलाच्या पोटाला काचेची केबिन टांगलेली आहे आणि त्या केबिनमध्ये मी बसते. खाली हुकला माल लागतो, मी तो उचलते, शेडच्या दुसऱ्या टोकाला नेते आणि ठेवते. दिवसभर हेच. ऐकणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटू नये असंच हे काम आहे. क्रेनवर सांगण्यासारखं काही घडलं तर ते बहुतेक वाईटच असतं.

नोकरी कशी लागली तेही सांगून टाकते, कारण लोक विचारतातच. कारखान्यात आमची धानाची जमीन गेली आणि घरटी एक नोकरी मिळाली. भावाला ट्रक घ्यायचा होता, नोकरी नको होती. मी आयटीआय केलेली होती. तेव्हाच्या साहेबांनी मला कॅन्टीन आणि ऑफिसची झाडलोट यांतलं एक निवडायला सांगितलं. मी वर बोट दाखवून विचारलं, ते कोण चालवतं. मला क्रेनची ओढ वगैरे काही नव्हती. केबिनला आतून कडी आहे, बसायला खुर्ची आहे आणि वर कोणी पाठीमागे उभं राहून अक्कल शिकवत नाही, एवढं मी पाहून ठेवलं होतं. मला तेवढं पुरेसं होतं, आणि अजूनही आहे.

तर हे गेमचं प्रकरण असं सुरू झालं. आमच्या बाजूच्या शेडमध्ये एकदा हुकवरचा माल खांबाला धडकला. कोणाला लागलं नाही, खांबाचा रंग तेवढा उडाला. चूक नक्की कोणाची हे ठरलं नाही, म्हणून उपाय सगळ्यांवर करायचं ठरलं. त्याच सुमारास नागपूरच्या एका कॉलेजातली तरुण मॅडम तिच्या अभ्यासासाठी कारखान्यात आली होती. डोळ्यांनी पाहून हात नेमक्या वेळी चालतो की नाही, हे कॉम्प्युटरवरच्या खेळातून मोजता येतं का, हा तिचा विषय. तिला तऱ्हेतऱ्हेची माणसं हवी होती: ऑपरेटर, क्लार्क, कॅन्टीनवाले, गेटवरचे वॉचमन. आमच्या मॅनेजर साहेबांनी परवानगी दिली आणि बदल्यात गुण पाहायला मागितले. मॅडमचं काम अर्ध्यावर असतानाच बोर्डावर नोटीस लागली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या ज्या ऑपरेटरचे गुण ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी येतील, त्यांना केबिनमधून उतरवून स्टोअरला बसवणार. पगार तोच, सावली जास्त, सुरक्षितता सगळ्यांची.

पंचेचाळिशी ओलांडलेले ऑपरेटर आम्ही दोघंच. मी, आणि बाजूच्या शेडमधला एक, ज्याला सगळे मोठे भाऊ म्हणतात. दोघांचेही गुण कमी आले.

मोठे भाऊ म्हणाले, "जाऊ दे ना बाई. स्टोअरमंदी पंखा हाये."

"तुम्हाले जायचं हाये का?"

"मले का कोणी इचारलं?"

स्टोअर मी पाहिलेलं आहे. तिथे नटबोल्ट काढून देतात आणि परत आले की ठेवून घेतात. खिडकीसमोर माणसं उभी राहतात आणि प्रत्येकाला तुमच्याशी बोलायचं असतं. मी तिथे आठवडाभरात कोणाला तरी पाना फेकून मारला असता. मला माझी केबिन हवी होती. इतकी साधी गोष्ट होती, आणि ती मी कोणापासून लपवली नाही.

खाली हुकला माल अडकवणाऱ्या आणि मला इशारे देणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. समुद्र इथून किती लांब ते माहीत नाही, पण शब्द आहे. माझा खलाशी सिरोंचाकडचा, गोदावरीच्या काठचा, घरी तेलुगू बोलणारा. उचला म्हणायचं तर तो 'हाबेस' ओरडतो, खाली सोडा म्हणायचं तर 'आरिया'. हे तर सगळेच खलाशी ओरडतात. पण थांबा म्हणायची वेळ आली की त्याच्या तोंडून तेलुगू निघते, 'आपु'. त्याच्यामुळे आमच्या शेडमधले सगळेच आता 'आपु' म्हणतात, बिहारहून आलेली पोरंसुद्धा. गेमच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो माझ्याजवळ येऊन बसला.

"तुमी नापास झाल्या म्हणते, बाई."

"कोण म्हणते?"

"कॅन्टीनवाला. भजे तळता तळता सांगून राह्यला होता."

"त्याचे किती आले?"

"त्याचे भल्ले आले. आता त्याले केबिनमंदी पाठवतीन वाट्टे."

"मंग मी भजे तळीन."

"नको वो बाई. तुमी लवकर काढान, कच्चे राह्यतीन."

तो हसला, मीही हसले. मग त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "पण खरंच उतरवलं त वर कोण बसन?" मी म्हटलं, ते ठरायचं आहे. शिफ्ट संपल्यावर मी पायऱ्या चढून त्या हॉलमध्ये गेले.

मॅडम वायरी गुंडाळत होती. वयानं माझ्या भाचीएवढी. "या ना काकू, बसा."

"काकू घरी. इथे बाई म्हणा." मी खुर्ची ओढली. "एक सांगा. तुमचा हा गेम बरोबर मोजतो, हे कोणी ठरवलं?"

ती थोडी गडबडली, मग हसली. "कोणीच नाही. तेच ठरवायला तर मी आलेय."

हे मला आवडलं. थाप मारायला पुष्कळ जागा होती आणि तिनं ती मारली नाही. मग तिनं नीट समजावलं. एका काट्यावर तोच माणूस आज उभा केला आणि उद्या उभा केला, आणि मधे काही झालेलं नसताना वजन वेगवेगळं आलं, तर तो काटा बिनकामाचा. तसंच या खेळाचं पाहायचं. तीच माणसं, तोच खेळ, पण वेगळ्या दिवशी आणि लॅपटॉप अदलून बदलून. आकडे जुळले तर खेळावर भरवसा ठेवायचा, नाही जुळले तर सोडून द्यायचा. हा भाग अजून झालेलाच नव्हता.

"मग साहेबांनी नोटीस आत्ताच कशी लावली?"

"मी त्यांना सांगितलं होतं की थांबा म्हणून."

"जोरात सांगितलं होतं का?"

"मेल केला होता," ती म्हणाली आणि वायरीकडे पाहू लागली.

मी म्हटलं, उद्यापासून माणसं मी पाठवते, तुम्ही मोजा. आमच्या शेडमध्ये मी कोणाला काही सांगितलं तर बहुतेक लोक करतात. प्रेमानं नाही, नाही केलं तर त्यांचा माल मी सगळ्यात शेवटी उचलते हे त्यांना माहीत आहे. सगळे पुन्हा बसले. ज्यांना दुसऱ्यांदा यायचा कंटाळा होता तेही बसले. माझा अंदाज पक्का होता. यंत्रं मी आयुष्यभर पाहिली आहेत. एकाच दिवशी एकच यंत्र सकाळी एक बोलतं आणि दुपारी, मे महिन्याच्या उन्हात पत्रा तापल्यावर, दुसरंच बोलतं. हा लॅपटॉपही तसाच निघणार आणि नोटीस बोर्डावरून खाली येणार, असं मी गृहीत धरलं होतं.

सुरुवात माझ्या मनासारखी झाली. एक लॅपटॉप आळशी निघाला. बटण दाबल्यावर त्याला ते कळायलाच वेळ लागायचा, त्यामुळे त्याच्यावर बसलेला प्रत्येक जण उशिरा ठरत होता. मॅडमनंच तो पकडला आणि बाजूला ठेवला. मी खूश झाले. मग मी चांगल्या लॅपटॉपवर बसले आणि आलं: लवकर. दुसऱ्या दिवशी बसले, लवकर. आणि थोडंथोडकं मागेपुढेही नाही, प्रत्येक वेळी जवळजवळ तेवढंच लवकर. पोट्ट्यांचे गुण दुसऱ्यांदा जरा वाढले, पण ते सरावानं सगळ्यांचेच वाढतात, त्याचा हिशेब धरता येतो, असं मॅडम म्हणाली. माझे भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखे होते.

"बाई, तुमचे आकडे तर सगळ्यांत स्थिर आहेत," ती म्हणाली. तिला ते चांगलं वाटत होतं, म्हणून लपवता येत नव्हतं.

"म्हणजे काटा बरोबर आहे."

"तुमच्यापुरता तरी, हो."

आणखी एक छोटा खेळ होता, अचानक दिवा लागला की बटण दाबायचं. त्यात मी पोरांपेक्षा मागे होते. तेही तिनं सांगितलं, मी विचारलं म्हणून.

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये माझा मूड खराब होता. आमची बस बांबूच्या डेपोपाशी, म्हणजे माझ्या थांब्यावर, हल्ली एकट्यादुकट्यासाठी थांबत नाही, कारण तिथे वाघीण पिल्लं घेऊन फिरते. चार जण उतरणारे असले तरच ड्रायव्हर ब्रेक मारतो. म्हणून उतरणाऱ्यांनी आधीपासून एकमेकांना आवाज देऊन गोळा व्हायचं असतं. मी आवाज दिला नाही आणि पुढच्या गावी जाऊन उतरले. वाटेत मी स्वतःला सरळ विचारलं की बाई, हे खरं तर नाही ना? वय झालं असेल आणि आपल्याला कळलं नसेल. जिल्ह्याच्या दवाखान्यात दरवर्षी डोळे तपासते, जवळचं वाचायला चष्मा आहे, लांबचं स्वच्छ दिसतं. हात कापत नाहीत. दिव्याच्या खेळात मागे पडले, हे मान्य. तिथे वय दिसलं असेल तर दिसू दे. पण चेंडू?

पुढच्या गावाहून पायी परत येताना, सोबतीला धान गिरणीवरून घरी निघालेल्या बायका होत्या, तेव्हा मला एक गोष्ट खटकली. माणूस म्हातारा झाला की त्याला उशीर होतो. उठायला उशीर, ऐकायला उशीर, आठवायला उशीर. मी लवकर होते. दरवेळी, तेवढीच लवकर. म्हातारपण असं कधी वागत नाही.

सकाळी मी शिफ्टच्या आधी जाऊन मॅडमला हे तसंच्या तसं सांगितलं.

"हेच मलाही कळत नाहीये," ती म्हणाली. तिनं पडद्यावर ठिपके दाखवले. ऑफिसातल्या क्लार्कांचे ठिपके रेषेच्या दोन्ही बाजूंना सांडलेले होते, काही आधी, काही नंतर. दोन्ही शेडमधल्या जुन्या माणसांचे सगळे ठिपके एका बाजूला. मी, मोठे भाऊ, जुना फिटर. सगळे लवकर.

"अजून एक जुना माणूस बसवा," मी म्हटलं आणि माझ्या खलाशाला खालून बोलावून घेतलं.

त्यानं आयुष्यात माऊस धरला नव्हता. तो खुर्चीच्या काठावर बसला आणि मॅडमला म्हणाला, "हे मोडलं त मले भरून द्या लागन का?"

"नाही मोडत, काका."

"आमच्या हातात सगळं मोडते."

चेंडू निघाला. त्यानं बटण दाबलं आणि दाबता दाबता त्याच्या तोंडून नेहमीसारखं निघालं, "आपु." पडद्यावर आलं, लवकर. पुन्हा चेंडू, पुन्हा रेषेच्या अलीकडे "आपु", पुन्हा लवकर. त्याला स्वतःला पत्ताही नव्हता की तो मोठ्यानं बोलतोय.

"काका, तुम्ही काय म्हणताय?" मॅडमनं विचारलं.

"मी कुठी काय म्हटलं?"

"आपु म्हणून राह्यले तुमी," मी सांगितलं. मॅडमला म्हटलं, "थांब म्हणतो तो."

"पण चेंडू अजून रेषेवर आलेला नसतो."

"आल्यावर म्हणून कसं चालेल?" मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मीच थांबले. हात पुढे करून मी हवेत, तिथे नसलेली क्रेनची दांडी धरली होती. मॅडम माझ्या हाताकडे पाहत होती. मग तिनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि सुरुवातीची सूचना उघडली. मराठीत, मोठ्या अक्षरांत, तिनं स्वतः लिहिलेली: चेंडू रेषेवर थांबवा.

"मूळ खेळात फटका मारा असं होतं," ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं, इथल्या लोकांना थांबवा जास्त सोपं जाईल."

सोपंच गेलं. जरा जास्तच सोपं गेलं. मी तिला समजावलं. आमच्याकडे कुठलीही वस्तू रेषेवर थांबवायची असेल तर ती रेषेवर आल्यावर थांबवायची नसते. पूल वजनदार आहे, दांडी मागे घेतली तरी तो थोडा पुढे सरकतो. साखळीला लटकलेला माल त्याहून पुढे झुलतो. म्हणून अलीकडेच सोडायचं, मालाला त्याच्या पायानं जागेवर येऊ द्यायचं. किती अलीकडे, हे मालाच्या वजनावर. थांबवा म्हटलं की आमचा हात तेवढं अंतर आपोआप धरतो. त्या पांढऱ्या चेंडूला वजन नव्हतं आणि ते आमच्या हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे चेंडूत लोखंड होय समजून आपण थांबवून राह्यलो," खलाशी म्हणाला. "त मंग हसले काऊन ते पोट्टे?"

मॅडमनं तिथेच सूचना बदलली. चेंडू रेषेवर आला की घंटी वाजवा. रेषेच्या जागी घंटीचं चित्रही टाकलं. खलाशी बसला, वाजवली, बरोबर. मी बसले. बरोबर, बरोबर, जरा उशीर, बरोबर. मोठे भाऊ आले, त्यांचे ठिपकेही रेषेकडे सरकले, पण नोटिशीतल्या आकड्याच्या जरा खालीच राहिले. ते म्हणाले, मला शाळेतल्या घंटेचीही कधी घाई नव्हती.

मॅडमचा चेहरा उजळला होता. तिला तिच्या अभ्यासात मोठं काहीतरी सापडलं होतं, आणि ते मला दिसत होतं. "बाई, तुम्ही आरामात पास आहात. मी आजच साहेबांना नवे गुण पाठवते."

"थांबा," मी म्हटलं. "आणि रेषेवर आल्यावर नाही, आत्ताच थांबा."

मी म्हटलं, तुम्ही एक शब्द बदलला आणि मी स्टोअरमधून परत केबिनमध्ये गेले. माझ्यात काय बदललं? काही नाही. मग हा गेम मोजतो तरी काय? ती म्हणाली की काहीतरी नीट आणि पुन्हा पुन्हा सारखंच मोजतो, हे आता नक्की आहे. पण जे मोजतो त्याचा क्रेनशी संबंध आहे की नाही, हे तिला माहीत नाही. ते पाहायला वेगळा अभ्यास लागेल. मी म्हटलं, हेच वाक्य लिहा. आणि या वेळी मेल करू नका, माझ्याबरोबर चला.

साहेबांची खोली एसीची. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्यावर वरून दबाव होता आणि त्यांना कागदावर एक आकडा हवा होता, जो दाखवता येईल. मॅडम बोलली, घाबरत, पण सगळं बोलली. साहेबांनी नवे गुण पाहिले आणि खुर्चीत मागे रेलले.

"अहो बाई, मग चांगलंच झालं की. तुम्ही पास झाल्या. प्रश्न मिटला."

"माझा मिटला. मोठ्या भाऊंचा?"

"ते थोडे कमी आहेत. बघू त्यांचं."

"ते माझ्याही आधीपासून क्रेनवर आहेत. त्यांच्या हातून काही धडकलंय का?"

"प्रश्न तो नाहीये."

"साहेब, प्रश्न तोच आहे. खांबाला माल धडकला म्हणून हे सुरू झालं. तुम्हाला जाणून घ्यायचं आहे की कोण धडकवेल. या खेळातून ते कळत नाही, असं ही मॅडम स्वतः सांगते. खेळ तिचा आहे."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. तिनं मान हलवली. म्हणाली, "कळत नाही सर. निदान अजून तरी."

"पण काहीतरी मोजमाप तर पाहिजे ना?" साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच अडचण होती. "मी वर काय सांगू?"

"मोजा ना. माल उचलतो तिथे मोजा. खाली खडूची रेघ मारा आणि रोजच्या कामात कोण किती जवळ ठेवतं ते पाहा. सगळ्यांचं पाहा, पंचविशीतल्यांचंही. मी अडवत नाही. पण माझे हे पास झालेले गुण काढून टाका. मला ते नको."

"नको?"

"आज घंटीच्या गुणांवर मी वर बसले, तर उद्या दुसऱ्या कुठल्या शब्दावरून तुम्ही मला उतरवणार. मी परीक्षेला बसायला तयार आहे. पण ही परीक्षा क्रेनची नाही."

ते थोडे चिडले. पास झालेला माणूस तक्रार करतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, गुण नाहीत तर नियमाप्रमाणे तुम्ही केबिनमध्ये बसू शकत नाही. मी म्हटलं, मग तसं लेखी द्या, की या बाईला पास झाल्यावर उतरवलं. तसलं पत्र ते देणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ते पेन फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "जा, शिफ्ट सुरू झाली असेल." नोटीस काढतो असं ते म्हणाले नाहीत, आणि मी आभार मानले नाहीत.

बाहेर आल्यावर मॅडमनं बाटलीतलं सगळं पाणी एका दमात प्यायलं. "मला वाटलं तुम्ही हो म्हणाल," ती म्हणाली. "मी हो म्हटलं असतं."

"तुमचं वय लहान आहे," मी म्हटलं. "तुम्हाला अजून पास व्हायला आवडतं."

तिचा अहवाल नंतर आला. त्यातलं तेवढं एक वाक्य तिनं मला फोनवर वाचून दाखवलं: खेळ भरवशाचा आहे, पण तो कशाबद्दल भरवशाचा आहे हे ठरलेलं नाही. आधीच्या मराठी सूचनेतल्या चुकीवर तिनं एक आख्खं पान लिहिलं होतं आणि चूक आपली म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी तो वाचला की नाही, मला माहीत नाही. नोटीस अजून बोर्डावर आहे, उन्हानं पिवळी पडून कोपऱ्यात वळलेली. खाली खडूची रेघही कोणी मारली नाही. मोठे भाऊ त्यांच्या केबिनमध्ये आहेत. म्हणतात, मले कोणी उतर म्हटलं नाई, मी काऊन उतरू.

मागच्या आठवड्यात तीच चेंडूची परीक्षा पुन्हा लावली. मॅडम नव्हती, लॅपटॉप मात्र कारखान्यानं स्वतःचे घेतले आहेत. शेडच्या भोंग्यावरून एकेक नाव पुकारून वर हॉलमध्ये पाठवत होते. माझं नाव आलं तेव्हा मी शेडच्या मधोमध होते, हुकवर कांबींचा गठ्ठा होता. खाली खलाशानं वर पाहिलं. माल लटकत असताना ऑपरेटरनं केबिन सोडायची नाही, हा कारखान्याचाच नियम आहे, शिडीच्या पायथ्याशी पत्र्यावर रंगवलेला. मी गठ्ठा नेला आणि ठेवला. खलाशानं साखळी काढली आणि लगेच दुसऱ्या गठ्ठ्याला लावली, नेहमीपेक्षा जरा चपळाईनं, आणि हात वर करून ओरडला, "हाबेस."

भोंग्यावर माझं नाव पुन्हा आलं. मी माल उचलला. शिफ्ट संपेपर्यंत हुक एकदाही रिकामा राहिला नाही.